'माझा नवरा' म्हणायचं कुणी

कॅनडातल्या सरे शहरातल्या आमच्या शेजारीणबाई अफगाणिस्तानातून पेशावरमार्गे आलेल्या, त्यामुळे उर्दू छान बोलायच्या. माझं हिंदी त्या हसून सोडून द्यायच्या.

तिकडच्या एका कमांडरवर प्रवासबंदी घालावी का, त्याची खाती गोठवावीत का, हे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीची एक बाई त्यांची साक्ष घ्यायला येणार होती. दुभाषी आपल्या लोकांतला नको, असं शेजारीणबाईंचं म्हणणं. बातमी फुटली तर तिकडे राहिलेल्या दिराचं काय? म्हणून नंबर माझा लागला. मी उत्साहाने पोहेसुद्धा केले. साक्षीला पोहे लागत नाहीत, हे मागाहून कळलं.

नियम एकच. त्या बोलतील ते मी जसंच्या तसं, 'मी' म्हणून इंग्रजीत सांगायचं.

गाव, रस्ता, सोबतचे दीर-जाऊ, नाका, इथवर मी झकास 'मी' होते. मग त्या म्हणाल्या, "मेरे शौहर को उसने मेरे सामने गोली मारी।"

"त्याने यांच्या नवऱ्याला गोळी घातली," मी सांगितलं.

समितीच्या बाईंचं पेन थांबलं. "कुणाच्या नवऱ्याला? यांच्या की जावेच्या?" जावेचा नवरा, म्हणजे तो दीर, तिथेच होता, पळून वाचलेला. "प्लीज, 'माझ्या नवऱ्याला' म्हणा."

बाहेर ड्राइव्हवेत आमचे हे विंटर टायर चढवत होते. एरवी ह्यांना दिवसभर काहीबाही बोलणारी मी, पण जीभ उचलेना. कसंबसं सुरू केलं, "त्याने माझ्या..."

किचनमधून सासूबाई बाहेर आल्या. नागपूरला इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या, त्यामुळे त्यांच्यापासून काही लपत नसे.

"हे काय बोलून राहिली तू? माझा पोरगा बाहेर आहे."

"आई, मी यांचं सांगतेय."

"कळलं मला. पण तू नको बोलू. मी बोलते. माझं काय जायचंय आता?" सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती.

चालेल का, असं समितीच्या बाईंनी माझ्यामार्फत विचारलं. शेजारीणबाई सासूबाईंकडे बघत राहिल्या. "अम्माजी बोलें।"

सासूबाई वर्गातल्या आवाजात इंग्रजीत म्हणाल्या, "त्याने माझ्या नवऱ्याला माझ्यासमोर गोळी घातली." पुढचं सगळं त्यांनीच सांगितलं, न अडखळता. त्या कमांडरचा चेहरा उघडा होता, तेसुद्धा.

शेवटी समितीच्या बाईंनी लिहून घेतलेलं मी हिंदीत वाचून दाखवलं. 'जाताना त्यांनी मला हाक मारली' या वाक्याला शेजारीणबाईंनी हात वर केला.

"नहीं अम्माजी, उन्होंने कुछ नहीं कहा।"

"ते माझं होतं," सासूबाई मला म्हणाल्या. "खोडायला सांग."

समितीच्या बाईंनी ते वाक्य खोडलं, आणि मग शेजारीणबाईंनी सही केली.