वरच्या टेबलाची खुर्ची

पराग कुडतरकर दुपारी आडवा होतो तो झोपायला नाही, विचार करायला. निदान बायकोला तरी तो तसं सांगतो. मेघना म्हणते, "कर विचार, घोरू नकोस म्हणजे झालं." आता बांगड्याचं तिखलं आणि वर दोन वाट्या सोलकढी पोटात गेल्यावर आजवर कुणाला विचार जमलाय, तुम्हीच सांगा! पण परागचा प्रश्नही तसा साधा नाही. सावंतवाडीहून तो एसटीने पणजीला जातो, मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर पोकर खेळतो आणि त्यावरच घर चालवतो. खालच्या टेबलाला वर्षानुवर्षं चिकाटीने बसून त्याने भांडवल उभं केलंय. आज वरच्या मजल्यावरच्या टेबलाला एक खुर्ची रिकामी होतेय. तिथे सगळंच पाचपट, मिळालं तरी आणि गेलं तरी. बोटीवर टेबलांची व्यवस्था बघणारा इनास म्हणालाय, संध्याकाळच्या आत काय ते कळव. आणि भांडवल बुडालं तर पराग मुकाट्याने मेव्हण्याच्या फरशांच्या दुकानात बसणार, असं मेघनाशी ठरलेलं आहे. मग पोकर बंद, कायमचं.

पोकरवाल्यांचा एक ठोकताळा असतो, अमुक इतकं गाठीशी आलं की वर सरकावं. परागकडे त्याहून जास्तच आहे. मग आपण इनासला हो का कळवत नाही, हे काही त्याला उमगत नाही. तो पंख्याकडे बघत पडतो. पंखा घरघरतो, घरघरतो, आणि खाली पत्रा थरथरायला लागतो.

ही एसटी आहे. कंडक्टर नाही, ड्रायव्हरही नाही, पण गाडी बरी चालली आहे. सीटच्या जागी कॅसिनोतल्या उंच पाठीच्या खुर्च्या आहेत. मधोमध एक टेबल, त्यावर फुलाफुलांची चादर, आणि चादरीवर पत्ते पिसत बसली आहे कुंदामावशी.

कुंदामावशी म्हणजे त्याच्या आईची धाकटी बहीण. आई नोकरीला जायची तेव्हा परागला वाढवलं ते हिने, कुडाळला डेपोमागच्या दोन खोल्यांत. पत्ते धरायला शिकवलं तेही हिनेच. खेळायची चिंचोक्यांवर रमी, पण आव असा आणायची की जणू नारळाची बागच डावावर लावलीय! दोन वर्षांपूर्वी ती गेली. परागला हे झोपेतही पक्कं ठाऊक आहे, पण तोंडावर कसं बोलणार, बरं दिसत नाही.

"उभा काय राहतोस मेल्या, बस," मावशी म्हणते. "वाळलास किती! ती जेवायला घालते ना?"

"घालते गं. तू कशी आहेस?"

"मला काय धाड भरलीय?"

पराग बसतो. खिडकीबाहेर मांडवी आहे, आणि नदीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरीवर मावशीची लुगडी वाळत आहेत. त्याला एकदम फार बरं वाटतं. किती दिवसांत आपल्याला कुणी मेल्या म्हटलं नाही, असं त्याच्या मनात येतं आणि डोळे भरून येतात.

"मावशी, तिकडेही खेळतेस?"

"नाहीतर दिवस कसा जायचा?"

"चिंचोक्यांवर?"

"तिकडे कुठले चिंचोके!" ती पान टाकते. "आठवणींवर खेळतो आम्ही. खालच्या टेबलाला बारीकसारीक. तव्यावर पोळी फुगते तो वास, नव्या चपलेने लागलेलं, असलं काय काय. गेलं तरी जीव जात नाही."

परागला हसू येतं, पण तो पुढे सरकून बसतो. "आणि वरच्या?"

"वरच्या टेबलाला माणसं लावावी लागतात. म्हणजे त्यांचे चेहरे. हरलं की तो चेहरा पुन्हा आठवत नाही. समोर येऊन उभा राहिला तरी ओळख नाही." ती पत्ते खाली ठेवते. "मला तेच विचारायचंय तुला. वर जाऊ का मी?"

आता आली का पंचाईत! हा तिला विचारायला बसला होता, तर तीच याला विचारतेय.

"तुला कशाला जायचंय वर? बरी आहेस की इथे."

मावशी चादरीची सुरकुती सारखी करते. सारखी झाली तरी करत राहते. "तुझे काका भेटतात तिकडे. रोज समोर येऊन बसतात, बोलतात. ओठ हलतात रे, पण मला ऐकू येत नाही. ते गेले आणि मी पुढे इतकी वर्षं जगले ना, त्यात त्यांचा आवाज विसरून बसले. जिवंतपणी माणूस जे विसरतं ते सगळं वरच्या टेबलाला जाऊन पडतं. तो आवाज तिथे आहे. जिंकला तर मिळेल."

"आणि लावणार काय?"

ती त्याच्याकडे बघते फक्त.

परागला कळतं. तिला पोर ना बाळ, लावण्याजोगा एकच चेहरा आहे तिच्याकडे, त्याचा. राग यावा तर तोही येत नाही.

"चल, बघून तर येऊ," तो म्हणतो.

जिना चढायला लागावं तर तो कुडाळच्या जुन्या थिएटरच्या बाल्कनीचा जिना आहे, भिंतीला तोच पिवळा रंग, कोपऱ्यात तीच पिंकदाणी. मावशी गुडघ्यावर हात ठेवून चढते. मेल्यावरही गुडघे दुखतात की काय, हे विचारायचं तो मनात ठेवतो. वर हिरवं टेबल आहे. भोवती माणसं बसली आहेत, शर्ट आहेत, घड्याळं आहेत, एकाने तर बडीशेपही तोंडात टाकली. पण तोंड कुठे आहे? मानेच्या वर सगळं कोरं, धुतलेल्या ताटासारखं.

"अगंबाई!" मावशी कुजबुजते. "ही माझ्या टेबलाची माणसं की तुझ्या?"

पराग निरखून बघतो. डाव्या बाजूच्याच्या पुढे चिपांचे तीन उंच मनोरे, निळे, वर एक सोनेरी. त्याच्या शेजारच्याचे पसरलेले. मनोरे तो बरोबर ओळखतो. महिनाभर रोज जिन्यापाशी उभा राहून तो हे टेबल बघत होता.

"माझ्या," तो म्हणतो.

"मग तोंडं कुठे गेली यांची?"

"मी बघितलीच नाहीत, मावशी."

खालच्या टेबलावर त्याला सगळे पाठ आहेत. हुबळीचा हार्डवेअरवाला पानं चांगली आली की खुर्ची पुढे ओढतो. राजकोटचे शेठ हातात काही नसताना थाप मारायची असली की समोरच्याच्या बायकोची चौकशी करतात. तीच तर त्याची कमाई. आणि इथे इतके दिवस उभा राहून तो नुसता ढिगांकडे बघत राहिला, हपापल्यासारखा! त्याला स्वतःचीच लाज वाटते.

"तू बघितलीस का तुझ्या टेबलाची तोंडं?" तो विचारतो.

"कुठली! मला तुझ्या काकांच्या आवाजाशिवाय काही सुचतंय का?"

"मग नवा भिडू आला की तू काय करायचीस, आठव. लगेच पानं द्यायचीस?"

"छे! एक दिवस मागे बसवायची. पत्त्यांकडे बघायचं नाही, तोंडांकडे बघायचं. बघून झालं की मग..." ती पोट धरून हसायला लागते. "मेल्या! माझीच अक्कल मलाच शिकवतोस?"

"मग बस मागे. घाई काय आहे? काका कुठे पळून जात नाहीत आता."

"आणि तू रे?"

"मीही."

मावशी भिंतीलगतच्या बाकावर टेकते. कमरेची चंची सोडते, पान काढते, त्यावर बोटाने चुना लावते. "बसते खरी मागे," ती म्हणते, "पण माझा काही भरवसा नाही हं. त्यांचा आवाज कानावर आला तर मी उठून बसेन त्या खुर्चीत. आधी नीट बघून घेऊ दे तुला." चुन्याच्याच बोटांनी ती त्याची हनुवटी धरते आणि तोंड उजेडाकडे वळवते. बघते, बघत राहते. तिची बोटं गार आहेत. "आईवर गेलायस," ती म्हणते. "पण कान माझे."

"उठ रे, फोन वाजतोय कधीचा!"

मेघना उशाशी उभी आहे. पराग फोन घेतो. इनास पलीकडून विचारतो, खुर्ची धरू का?

"आज नको. मला नुसतं मागे बसू देशील? आठवडाभर."

"येडा काय तू? लोक या खुर्चीसाठी माझ्या पाया पडतात!"

"पडू देत. दुसऱ्याला दे. आणि इनास, तिथे बसतात ते कोण रे? नावं काय त्यांची? करतात काय?"

इनास चक्रावतो, पण सांगायला लागतो. पराग ऐकत राहतो.  फोन ठेवतो तर मेघना त्याच्या तोंडाकडे वाकून बघतेय.

"हे काय लागलंय तुझ्या हनुवटीला? पांढरं?" ती बोट लावते, वास घेते. "चुना! आपल्याकडे पान कोण खातं?"

ती पदर ओला करून येते आणि पुसायला हात पुढे करते. पराग तिचं मनगट धरतो.

"राहू दे," तो म्हणतो. "तिने मला डावावर लावलंच एखाद्या वेळी, तर ओळखायला खूण असलेली बरी."