पंचांचा थोरला भाऊ

बंदराच्या तोंडातला गाळ उपसून जिथे टाकला, तिथेच पुढे गोदीतल्या लोकांनी रोलर फिरवून क्रिकेटचं मैदान केलं. तीन बाजूंना इमारती, चौथीकडे कमरेएवढी भिंत आणि भिंतीपलीकडे समुद्र. त्या टोकाला गवत कधी धड धरलं नाही. दुपारी वारा फिरला की तिकडून टाकलेला चेंडू असा काही वळायचा, की भल्याभल्यांची दाणादाण उडायची. भिंतीवरून षटकार मारणाऱ्याला टाळ्याही मिळायच्या आणि शिव्याही, कारण चेंडू गेला तो गेलाच.

इथल्या कर्ण्यातून ज्याचा आवाज यायचा, त्याला सगळे 'कर्णा'च म्हणत. गोदीत क्रेनवाल्यांना खालून ओरडून सूचना देण्यात त्याची उमेदीची वर्षं गेलेली. माइक नसता तरी याचं अडलं नसतं, असं त्याची बायको म्हणायची. पण माइक हातात येण्याआधी तो गोदीच्या संघाचा सलामीचा फलंदाज होता. आपल्या शेवटच्या सामन्यात, तेही अंतिम फेरीत, चांगला जम बसलेला असताना पंचांनी त्याला पायचीत दिलं. पंच म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ.

चेंडू वाऱ्याने यष्टीबाहेर चालला होता, असं कर्ण्याचं म्हणणं. धाकट्याने आपलं म्हणणं बोट वर करून सांगितलंच होतं. घरी आल्यावर कर्ण्याने विचारलं, "बोट वर करताना काहीच वाटलं नाही तुला?"

"वाटलं ना. भाऊ होतास म्हणून दोनदा विचार केला," धाकटा म्हणाला, आणि तिथेच बोलणं तुटलं.

एकाच इमारतीत वरखाली राहून दोघांनी अबोला धरला. जावांनी मात्र या भानगडीत पडायला साफ नकार दिला. त्या जिन्यात उभ्या राहून पोटभर बोलायच्या. नवरे समोरासमोर आले, की एक भिंतीचा रंग बघायचा, दुसरा चपलेचा अंगठा.

खरी पंचाईत रविवारची. सामन्याआधी कर्ण्याला पंचांची नावं जाहीर करावी लागत. पहिल्या रविवारी त्याने भावाचं नाव गिळलं, तेव्हा क्लबच्या सचिवांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. मग त्याने रीतच पाडली. दुसऱ्या पंचांचं नाव झटकन उरकायचं आणि भावाचं मात्र वडिलांच्या नावासकट, आडनावासकट ठणठणीत घ्यायचं. दोन्ही नावं त्याचीही तीच होती. तिकडे मैदानात धाकटा ते ऐकून टोपी सारखी करायचा. दोघांचा आठवड्यातला संवाद तो एवढाच, आणि तो वर्षानुवर्षं चालला.

मग एका रविवारी एका दांडगट फलंदाजाने समोर सणसणीत फटका मारला आणि चेंडू थेट पंचांच्या डोळ्यावर बसला. कर्ण्याची दूरची नजर तोवर अधू झाली होती. वरच्या माइकच्या केबिनमधून त्याला फक्त भावाच्या टोकाचा पांढरा कोट खाली कोसळलेला दिसला.

"टिल्लू," कर्णा बोलला, "उठू नकोस. पडून राहा. मी आलो."

ज्यांच्यापुढे कप्तानही दबकून बोलत, त्या सहा फुटी पंचांचं हे घरचं नाव सगळ्या मैदानाने ऐकलं. कुणी हसलं नाही. गुडघ्यांची तमा न बाळगता कर्णा जिना उतरून धावत सुटला होता.

दवाखान्यात टाके पडले. त्या डोळ्याने आता अंधुकच दिसेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. जावा औषधं आणायला गेल्या आणि खोलीत दोघेच उरले.

"माइक बंद केला होतास?" पट्टीआडून धाकट्याने विचारलं.

"नाही."

"म्हणजे टिल्लू सगळ्यांनी ऐकलं."

"होड्यांवरच्यांनीसुद्धा."

धाकटा हसला आणि टाके ओढल्यामुळे कळवळला. कर्ण्याने खुर्ची खाटेला भिडवली आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलला नाही. पायचीतचा विषय कुणीच काढला नाही. जावांची तशी ताकीदच होती.

पुढच्या हंगामात धाकटा मैदानात उतरू शकला नाही. तो केबिनमध्ये येऊन बसू लागला. एका डोळ्याने का होईना, त्याला भावापेक्षा लांबचं दिसायचं. खेळायला कोण आलं, हे तो कानात सांगायचा. माइकचं बटण त्याने स्वतःच्या ताब्यात ठेवलं, कारण थोरल्याचा भरवसा नव्हता. नवे पंच आले, तेव्हा कर्ण्याने सवयीने छाती भरून श्वास घेतला.

"नावं हळू घे," धाकटा म्हणाला. "पोरं नवी आहेत, दचकतील."

"मैदान तू सांभाळलंस, कर्णा मला सांभाळू दे," कर्णा म्हणाला, आणि आपल्या कपातला अर्धा चहा त्याने बशीत ओतून भावापुढे सरकवला.