मांडीवरची पन्नी

जऊळक्याजवळ रस्त्याला लागून आमचा भाजीपाल्याचा मळा आहे. कडेच्या लिंबाखाली सहलीच्या गाड्या थांबतात. लोक उतरून जेवतात आणि थर्माकोलच्या प्लेटा, पाण्याचे पाऊच आमच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, फेकून निघून जातात. दोन वर्षांपूर्वी आमची गाभण गाय पोट फुगून मेली. डॉक्टरांनी पोट फाडलं तेव्हा घमेलंभर पन्नी निघाली. उष्ट्याच्या वासानं तिनं प्लास्टिकच्या पिशव्याच गिळल्या होत्या.

तेव्हापासून कुठेही जायचं म्हटलं की मी आधी भांड्यांची पिशवी भरते. यंदा उन्हाळ्यात आमच्या आणि धाकट्या दिरांच्या घरचे मिळून आठ जण गाडी करून लोणारला निघालो. मी आठ ताटं, आठ गिलास, पाण्याची कॅन आणि खरकट्यासाठी झाकणाचा डबा घेतला. पोळ्या फडक्यात बांधल्या.

दीर हसले. "वहिनी, आख्खा संसार घेऊन चालल्या का? मी प्लेटा आणल्या ना. खा अन् फेका."

नवरा म्हणाला, "जागा अडते," आणि माझी पिशवी त्यानं टपावर बांधून टाकली. वाटेत जेवायला थांबलो तेव्हा ती कोणीच काढून दिली नाही. मीही थर्माकोलच्या प्लेटीत जेवले. घासागणिक स्वतःचाच संताप येत होता.

जेवण झाल्यावर दिरांनी सगळ्या प्लेटा एका पन्नीत कोंबल्या आणि ती गरगर फिरवून शेजारच्या कांद्याच्या वावरात भिरकावली. तिथे एक बाई निंदत होती. तिनं मान वर केली, आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली वाकली.

मी तडक वावरात उतरले. पन्नी फुटली होती. प्लेटा वेचताना मी म्हणाले, "माफ करा बाई."

"रोजचंच हाय," ती म्हणाली. तोवर तिनं पुढची ओळ धरली होती.

गाडीत येऊन मी ती गळकी पन्नी दिरांच्या मांडीवर ठेवली.

"वहिनी! काय करून राह्यल्या हे? पँट खराब झाली ना!"

"तुमचं सामान हाय, तुमी सांभाळा. गाईच्या पोटातून काय निघालं ते तुमी डोळ्यानं पाह्यलं होतं ना भाऊजी? मंग काहून फेकली?"

नवरा दबक्या आवाजात म्हणाला, "बस ना आता. लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या! फेकताना नाही वाटली लाज?"

पुढच्या सीटवरून सासूबाई वळल्या. आयुष्यात कधी त्यांनी माझी बाजू घेतली नव्हती. धाकट्या लेकाला म्हणाल्या, "धर ते मांडीवर. खाली ठेवली तर मी गाडीतून उतरून जाईन."

लोणारपर्यंत दीर ती पन्नी धरून बसले. भाजीचा रस गुडघ्यावरून ओघळत होता. तिथे एक कचरापेटी दिसली, तिच्यात त्यांनी ती आदळली.

त्यानंतर किन्हीराजा गावी एका लग्नात दीर भेटले, तर तोंड फिरवून निघून गेले. नवरा मला म्हणतो, "तू लहान हो, माफी माग." तीनदा सांगून झालं. त्यानं पिशवी टपावर टाकली, त्याची माफी मात्र त्याला अजून सुचलेली नाही. मी मागणार नाही.

परवा दीर पुन्हा गाडी करून सहकुटुंब देवदर्शनाला गेले. आम्हाला विचारलं नाही. या वेळी त्यांनी सख्ख्या आईलाही घरीच ठेवलं.