कागदाच्या कपाळी कुंकू

मराठी चौथीनंतर शाळा सुटली, आणि बुकबाइंडिंग करत करत मी कोकणातून नागपुरास येऊन पडलो. ज्या छापखान्यासाठी आलो तो बंद पडलेला. महाल पेठेतल्या एका परवानेवाल्या बंदूक-दुकानदारांनी मला ठेवून घेतलं. त्यांना मी काका म्हणे. त्यांचे उपकार अजून मानेवर आहेत, आणि ते ओझं उतरावंसं वाटत नाही.

सिव्हिल लाइन्समधले हौशी साहेब जुन्या बंदुका जमवत. बंदुकीबरोबर तिचा कागद, म्हणजे राजांच्या वेळची सनद किंवा जुना परवाना असला, की मोल वाढे. म्हणून खोटे कागदही पुष्कळ येत, चहात बुडवलेले, चुलीवर धुरावलेले. खरा कोणता ते काका सांगत. पुढे त्यांना मोतीबिंदू झाला.

"वास माझा, बोटं माझी, डोळे तुझे," ते म्हणाले. "पण एक कागद चुकला नं कोकण्या, तर दुकानाले कुलूप. मग जाय समुद्रावर, मासे मोज!"

ते हसत. मी मात्र कागद पुन्हा उजेडात धरी. परत जायला घर कुठं होतं?

इकडे दसऱ्याला घरची बाई बंदुकीला कुंकू लावते आणि तेच बोट तिच्या कागदाच्या कपाळालाही टेकवते. पिढ्यान्‌पिढ्यांची ती रांग असते, जुने ठिपके तपकिरी, नवे लाल. सासूचं बोट रुंद, सुनेचं बारीक. खोटं करणारा सगळे ठिपके एका बैठकीत, एकाच बोटानं लावतो. म्हणून मी भिंग आधी कुंकवावर धरी.

एका दुपारी उमरेडकडचा एक गृहस्थ तोड्याची, वातीनं बार पेटवायची बंदूक आणि तिची सनद घेऊन आला. सिव्हिल लाइन्समधले एक साहेब ती घ्यायला तयार होते, काकांचा शब्द तेवढा हवा होता.

"आमच्या आजीच्या घरातली हाय," तो म्हणाला. "ती जाऊन लय वर्षं झाली. घर बंद. किल्ली माझ्यापाशी."

मी भिंग धरलं. सगळे ठिपके एकाच बोटाचे, प्रत्येकावर तिरका व्रण. खोटा! मी सुटकेचा श्वास घेतला, आणि मग दिसलं की पहिल्या ठिपक्यांना कसर लागलेली. किड्यानं कागदाबरोबर कुंकूही खाल्लेलं. पुढचे ठिपके क्रमानं उजळत गेलेले.

"काय दिसून राहिलं?"

"काका, बोट एकच आहे."

"मंग खोटा."

"नाही. कुंकू वेगवेगळ्या काळचं आहे. पहिलं सनदेइतकंच जुनं. शेवटचं..." मी भिंग पुन्हा टेकवलं. "शेवटचं यंदाचं."

गृहस्थ हसला. "यंदाचं कसं राहीन? दसऱ्याले तर घराले कुलूप..." हसू तिथंच थांबलं.

काकांनी सनद हुंगली, अंगठ्यानं ठिपके चाचपले. "आजीच्या बोटाले व्रण होता काय?"

"नाही," गृहस्थ म्हणाला. "काहीच नव्हतं."



"कागद खरा आहे," काका म्हणाले. "पण मोल मी लावत नाही. साहेबाले तसंच सांगा."

गृहस्थानं बंदुकीला हातही लावला नाही. "राहू द्या इथंच," म्हणून तो उठला, तो पुन्हा आला नाही.

सौदा मोडला. आता आपलं बिऱ्हाड उठलं, असं मला वाटलं.

"काहून भेऊन राहिला गा?" काका म्हणाले. "बरोबर पाह्यलं तू. आता हे डोळे इथून कुठं जात नाहीत." मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. तेव्हा ते हळूच म्हणाले, "पण पुढच्या दसऱ्याले तिले कुंकू तूच लावजो."

मी आनंदात हो म्हटलं.

दसऱ्याच्या सकाळी पूजेचं ताट घेऊन त्या बंदुकीची पेटी उघडली. पेटीची किल्ली माझ्याच करदोट्याला असे. सनद उलगडली. रांगेच्या शेवटी नवा ठिपका होता, त्यावर तो तिरका व्रण. बोट लावलं तर बोटाला लाल लागलं.

"लावलं काय गा?" बाहेरून काकांचा आवाज आला.

त्यांना मी डोळे दिले होते. खोटं कसं बोलू?

"काका, आधीच लावलेलं आहे."



"मंग ताट तिच्यापुढं ठेव," काका म्हणाले, "अन् इकडं ये. मागं पाहू नको."