दोनशे अकरा चिंचोके

काल नवी चिंच फोडायला बसले आणि त्या आंबूस वासानं लहानपणीच्या, नगरच्या अंगणात गेले. आई मजुरीची चिंच फोडत होती. दोनशे अकरा ही मूळ संख्या का, हे मला सकाळी वर्गात सांगायचं होतं. म्हणून तेवढे चिंचोके घेऊन मी सारख्या रांगा लावत होते. दोनदोनच्या, तीनतीनच्या, पार चौदाचौदाच्या. दरवेळी काही उरायचेच. पंधरापंधराच्या चौदा रांगा झाल्या, एक उरला. मी सोळाच्या लावायला घेतल्या.

शाळा न पाहिलेली आई म्हणाली, "थांब गं. आता रांगा चौदाच्या वर जात न्हाईत. चौदापर्यंत समदं लावून झालंय. फुडं तेच उलटं येनार, रांगा नि रांगेतले चिंचोके यांची निस्ती अदलाबदल."

आज कॉलेजात मी मुलांना सांगते, वर्गमुळापर्यंतच भागून बघा. आईनं तो शब्द कधी ऐकला नव्हता. तो नियम मला कळला, तो मात्र तिच्यामुळेच.