ओल्या चामड्यातलं पिस्तूल

किश्श्यांचं आखातातल्या आमच्या अर्दियाच्या धुळीसारखं असतं. सकाळी झाडून काढा, दुपारी टेबलावर पुन्हा थर! शुक्रवारी आमच्या फिंतासच्या खोलीवर मंडळी जमली की कुणीतरी म्हणतंच, "हां, आता तुमच्या पिस्तुलांचं सांगा."

तर आधीच सांगतो, आम्ही पिस्तुलं विकत नाही. ती कमरेला लपवून बाळगायची चामडी पाकिटं आमच्या अर्दियातल्या वर्कशॉपमध्ये शिवतो. गिऱ्हाईक म्हणजे बॉडीगार्ड, नाहीतर लायसन्सवाले. मी चामडं कापतो. मालवणकडचे सदूभाऊ ते ओलं करून निळ्या प्लॅस्टिकच्या डमी पिस्तुलावर दाबून बसवतात. वाळलं की त्या मॉडेलच्या मापाचं पाकीट तयार.

मुदीरचा, म्हणजे आमच्या मॅनेजरचा, नियम एकच. खरं हत्यार उंबऱ्याच्या आत यायचं नाही. आलं, तर ज्याच्याकडे चावी, तो पोलिसांच्या ताब्यात. आणि चावी सदूभाऊंकडे! त्यांची मुलगी रत्नागिरीत नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचं शिक्षण पुरं होईपर्यंत इथे टिकायचं, एवढाच त्यांना ध्यास.

*

एकदा एक धिप्पाड बॉडीगार्ड आला. "सगळ्यांत चांगलं पिस्तूल कुठलं?"

सदूभाऊंनी एकेक डमी त्याच्या कमरेला खोचली. खुर्चीवर बसवलं, बुटाची नाडी बांधायला लावली. मग निकाल दिला. मोठं हातात स्थिर, गोळ्याही जास्त, पण वाकलं की शर्ट उचलतं. चपटं छोटं दिसत नाही, पण बार काढला की हातात उडी मारतं म्हणे. रिव्हॉल्व्हर सरळसोट, पण पोटावर टेंगूळ आल्यासारखं दिसतं.

"तू यातलं कुठलं चालवलंयस?"

"एकही नाही! गावाला डुकरांवर बार काढतात, तेव्हासुद्धा मी कानात बोटं घालतो."

गड्यानं मोठंच निवडलं, त्याची डमी कमरेला खोचली आणि वर ढगळ शर्ट घालून ऐटीत उभा राहिला. सदूभाऊ म्हणाले, "साब, पिस्तूल तो छुप गया. अब आप छुपके दिखाओ!"

*

दुसरा एक जण जुनं पाकीट दुरुस्तीला घेऊन आला. छाती फुगवून सांगत होता, "इतक्या वर्षांत एकदाही बाहेर काढायची वेळ आली नाही!"

सदूभाऊंनी पाकिटात टॉर्च मारला. चामडं खोटं बोलत नाही. पिस्तूल उपसलं की ओरखडा वर जातो, परत ठेवलं की खाली. आत दोन्हींची नुसती जाळी झाली होती.

"साब, आईना कितना बड़ा है घर में?"

माणूस असा लाजला की चहा न पिताच गेला.

*

हे वाचन सदूभाऊंच्या अंगातच भिनलंय. गणपतीत आम्ही दोघं एका बँकवाल्या साहेबांकडे आरतीला गेलो होतो. टाळ वाजवता वाजवता सदूभाऊ माझ्या कानात कुजबुजले, "त्या चष्मेवाल्याच्या कमरेक काय तरी असा. आणि दाराकडच्या निळ्या झब्ब्यावाल्याच्याय."

आरती संपल्यावर चष्मेवाल्यांना आडून आडून विचारलं, तर त्यांनी हसत शर्ट वर केला. इन्शुलिनचा पंप! आम्ही सुटकेचा श्वास टाकला. मग साहेबांना विचारलं, "आणि ते निळा झब्बा घातलेले कोण?"

साहेब म्हणाले, "म्हणजे काय? ते तुमच्याबरोबरच आले ना!"

त्या दिवशी मोदक काही मला गेला नाही.

*

आता हा शेवटचा. हा सांगताना मी हसत नाही.

एक सडपातळ, हळू बोलणारा माणूस आला. सगळ्या डमी पारखून त्यानं चपटं छोटं मॉडेल सांगितलं. दुसऱ्या दिवशी सदूभाऊंनी त्या डमीवर ओलं चामडं बसवलं, पंख्याखाली टांगलं आणि दुपारच्या सुट्टीला कुलूप घातलं. आम्ही दोघं खोलीवर आलो, जेवलो, लवंडलो.

परत येऊन उघडलं, तर पाकिटात डमी खुळखुळत होती. चामडं वाळलं होतं, पण मोठ्या पिस्तुलाच्या आकारात! सदूभाऊंनी आत टॉर्च मारला. चामड्यावर एक नंबर उलटा उमटला होता. डमीवर नंबर नसतो, खऱ्या पिस्तुलावरच असतो.

"ह्यां आमच्या डमीचां न्हय," ते म्हणाले.

मुदीरनं सीसीटीव्ही पाहिला. बंद दार, फिरणारा पंखा, टांगलेलं चामडं. माणूस कुणीच नाही.

"चावी कुणाकडे होती?"

"माझ्याकडे." सदूभाऊंनी चावी टेबलावर ठेवली. मला म्हणाले, "पोरीचा काय होतला रे?"

मी म्हटलं, "ते माझ्याबरोबर होते!"

"मग दोघंही चला," म्हणून मुदीरनं पोलिसांसाठी फोन उचलला, तेवढ्यात ते सडपातळ गिऱ्हाईक दारात. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मी काल विचार बदलला," तो म्हणाला. "मोठं घेतलं. पण ते अजून हत्यारांच्या दुकानात सीलबंद आहे. उद्या मिळणार."

त्यानं दुकानात फोन लावला आणि डब्यावरचा नंबर वाचायला सांगितला. तिकडून एकेक आकडा येत होता, इकडे सदूभाऊ चामड्यावर बोट सरकवत होते. सगळे जुळले.

मुदीरनं फोन खाली ठेवला. डब्यात सीलबंद असलेलं पिस्तूल अर्दियात येऊन गेलं, हे पोलिसांना कोण सांगणार? सदूभाऊ सुटले. मी त्यांना पाणी दिलं, ते ग्लास धरूनच बसले.

तो माणूस मात्र पाकीट घेऊन दाराच्या उजेडात गेला होता.

"हा आतला ओरखडा कसला?"

"पिस्तूल उपसल्याचा," सदूभाऊ म्हणाले.

"आणि मी परत ठेवल्याचा?"

सदूभाऊ उठले. त्यांनी पाकीट हातात घेतलं, उजेडाकडे फिरवलं, आत बोट घालून तळापर्यंत चाचपलं.

"नाही," ते म्हणाले.