आडातला गुलाल

आमच्या ह्यांना दोन गोष्टींचा भारी अभिमान: स्वतःच्या मिशा आणि घरामागची संडासची टाकी. "बावीस वर्षं झाली, एकदा उपसली न्हाय. भरतच न्हाय की!" हे ते पावण्यांना सांगायचे, तेही जेवताना. टाकी बांधताना गवंड्याने तळाला काँक्रीट घातलंच नव्हतं, तेही कौतुकाने सांगायचे.

शेजारच्या मावशींना कावीळ झाली. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून त्या परसातल्या आडाचं पाणी प्यायच्या, आणि आता आडालाच वास सुटला होता. मी लगेच निदान केलं: मावशींचीच टाकी फुटली असणार. मावशी म्हणाल्या, "आमची न्हवं, तुमची." मला आला राग. आजारी बाईशी भांडता येत नाही, म्हणून मी पुरावाच काढायचं ठरवलं.

रंगपंचमीचे रंग घरात उरले होते. पेज घेऊन मावशींकडे गेले आणि "जरा जाऊन येते" म्हणत त्यांच्या संडासात हिरव्या रंगाची आख्खी पुडी ओतली. अन्याय नको म्हणून आमच्या संडासात गुलाबी. आता आड हिरवागार होणार आणि मावशींची चांगलीच जिरणार, या आनंदात मी दोन्हीकडे बादल्यांवर बादल्या ओतल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून आरोळी आली, "चांगभलं! अगं पळ की, आडात जोतिबाचा गुलाल उतरलाय!"

धावत गेले. बादलीत गुलाबी पाणी. गल्लीतल्या चार बायका हात जोडून उभ्या होत्या. मावशी पिवळ्याजर्द डोळ्यांनी हसत होत्या, हातात तांब्या आणि पळी. "देवानं माझं ऐकलं," असं म्हणून त्यांनी पहिलं तीर्थ स्वतःच्याच तळहातावर घेतलं.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. खरं सांगते, क्षणभर बसलेही. मग त्यांचा हात धरून ओढला, पाणी सांडलं.

"मावशी, पिऊ नगा! त्यो रंग मी टाकलाय. आमच्या संडासात."

बायका नाकाला पदर लावून एकेक करत सटकल्या. मावशी आडाच्या कट्ट्यावर बसल्या. मी मान खाली घालून शिव्यांची वाट पाहत उभी. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टर म्हणालते, पाणी भरपूर प्या. म्हणून मी रोज दोन तांबे जास्तच पीत हुते गं."